फोंड्याहून मुंबईला, फक्त नाटकं बघायला

मुंबईला जायचं ते फक्त नाटकं आणि गाणं ऐकायला. नातेवाइकांकडे उतरायचं नाही, साड्या घ्यायच्या नाहीत, सिद्धिविनायकसुद्धा वेळ उरला तर. आम्ही चौघींनी असं ठरवलं तेव्हा घराघरांतून एकच प्रश्न आला. आमच्यातल्या टीचरच्या सासूबाईंनी तो सगळ्यांच्या वतीने विचारून टाकला, "कित्याक गो मुंबय? तीं नाटकां हांगाच येतात न्हय?"

येतात, नाही कुठे म्हटलं! फोंड्यात राजीव गांधी कलामंदिर आहे, पणजीला कला अकादमी, म्हापशाला हनुमान नाट्यगृह, मडगावला रवींद्र भवन. मुंबईत चाललेलं नाटक उशिरा का होईना गोव्याचा दौरा करतंच. शिवाय देवळांतली उत्सवाची नाटकं आहेतच. जत्रांच्या दिवसांत आमच्या फोंडा तालुक्यात एकाच रात्री दोन-तीन देवळांत पडदा वर जातो आणि कोण कुणाच्या मंडपात जाऊन बसलं यावरून नंतर आठवडाभर रुसवेफुगवे चालतात. नाटकाचा दुष्काळ म्हणून आम्ही निघालो नव्हतो.

पण दौऱ्यावर येतं ते चाललेलं नाटक. पन्नास-साठ माणसांसमोर होणारं, अजून चाचपडणारं नाटक मांडवी ओलांडत नाही. आणि उत्सवाच्या नाटकात आम्ही कधी निखळ प्रेक्षक नसतोच. शहाजीराजे म्हणजे बाजारातले हार्डवेअरवाले, जिजाबाई बाहेरून बोलावलेली पण तिचं जेवण आमच्याच घरी, आणि विंगेतून प्रॉम्प्टर पुढचं वाक्य एवढ्या मोठ्याने सांगतो की पहिल्या तीन रांगांना ते नटाच्या आधी कळतं. तिथे टाळी पडते ती भूमिकेला कमी, ओळखीला जास्त. स्टेजवर कुणी आपलं नाही, आपणही कुणाचे नाही, असं एकदा तरी नाटक बघायचं होतं.

आता चौघी म्हणजे कोण ते सांगते. टीचर निवृत्त झाली तरी आमच्यासाठी टीचरच, गावच्या उत्सवाचं नाटक तीच बसवते. दुसरी वकिलीण, तिसरी फार्मसीवाली आणि चौथी मी. हिशेबाची वही माझ्याकडे.

तारखा ठरवणं हेच पहिलं मोठं काम होतं. कार्तिक ते माघ टीचर गाव सोडत नाही. पावसाळ्यात कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकावर जाते, गाड्या हळू धावतात. मे महिन्यात मुंबईत प्रयोग भरपूर, पण घरी पाहुणे आणि रेल्वेत जागा नाही. उरली ती महाशिवरात्र आणि शिगमो यांच्यामधली फट. तिथेही शुक्रवार ते रविवार हवेत, कारण व्यावसायिक मराठी नाटकाचा आठवडा खरा असतो तो शनिवार-रविवारचा. सोमवारी नाट्यगृहाच्या दारात गेलात तर साफसफाई बघायला मिळेल.

खरा पेच पुढेच होता. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी सुटतं आणि पहिल्या दिवशी ते धरलं नाही तर वेटिंग. आणि मराठी नाटकाची जाहिरात येते आठ-दहा दिवस आधी. म्हणजे कुठलं नाटक बघायचं हे माहीत नसताना तिकीट काढून मोकळं व्हायचं. वकिलिणीला हे पटेचना. तिला प्रत्येक गोष्टीचा कागद आधी लागतो. शेवटी मार्ग काढला तो असा. नरिमन पॉइंटचं एनसीपीए आणि जुहूचं पृथ्वी थिएटर यांचा कार्यक्रम बराच आधी जाहीर होतो, ऑनलाइन तिकीटही लवकर मिळतं, म्हणून ते दोन खुंटे आधी ठोकले. मराठी नाटकांच्या जागा मोकळ्या ठेवल्या आणि निघायच्या आठवड्यात मुंबईच्या वर्तमानपत्रांतल्या नाटकांच्या जाहिराती मोबाईलवर मोठ्या करकरून त्या भरल्या. कुणी असा बेत करत असेल तर क्रम हाच ठेवा. उलट करायला गेलात तर घरी बसाल.

दुसरा निर्णय फार्मसीवालीचा, आणि तो सोन्यासारखा ठरला. तिने दिवस नाटकांप्रमाणे लावलेच नाहीत, रेल्वेमार्गाप्रमाणे लावले. शुक्रवार दादरचा, शनिवार गिरगावपासून खाली नरिमन पॉइंटपर्यंतचा, रविवार पार्ले-जुहूचा. मुंबईत एका संध्याकाळी जुहूहून नरिमन पॉइंटला जायचं म्हणजे तिसऱ्या घंटेला तुम्ही टॅक्सीत. मुक्काम दादरला, कारण पश्चिम आणि मध्य दोन्ही मार्ग तिथे भेटतात आणि शिवाजी मंदिर नाट्यगृह चालत गाठता येतं. नातेवाइकांकडे न उतरण्यावर सगळ्यांनी नाकं मुरडली. पण मुंबईतल्या मावशीकडे उतरलात की साडेआठच्या प्रयोगाच्या वेळी ती सोलकढी वाढायला घेते आणि "उद्या बघा गो" म्हणते. हा धोका पत्करण्यात अर्थ नव्हता.

फोंड्याला रेल्वे नाही. कदंबच्या बसने मडगाव, तिथून संध्याकाळची कोकणकन्या. डब्यात उंडे पाव आणि सुकी भाजी. रत्नागिरी कधी गेलं कळलं नाही, पहाटे दादर. एवढंच.

शुक्रवारी रात्री शिवाजी मंदिर. १९६५ पासून चालू असलेलं हे नाट्यगृह रस्त्यावरून दिसत नाही, दिसतात ती दुकानं. जिना चढून वर जायचं. तिकीट आम्ही मुद्दाम खिडकीवर घेतलं, कारण टीचरला 'प्लॅन' बघायचा होता. खिडकीतल्या माणसाने खुर्च्यांचा छापील नकाशा पुढे सरकवला आणि पेन्सिलीने खुणा केलेल्या जागा सोडून बाकीच्या दाखवल्या. पुढच्या रांगा पाचशेच्या घरात, बाल्कनी त्याहून बरीच स्वस्त. टीचर म्हणाली, मधली रांग घे, फार पुढून चेहरा दिसतो, नाटक दिसत नाही.

नाटक घरगुती होतं. आईबाप, परदेशी जायला निघालेला मुलगा, विकायला काढलेला फ्लॅट. विषय नवा नव्हता, पण सफाई बघून आम्ही गार झालो. साडेआठ म्हणजे साडेआठला तिसरी घंटा. प्रॉम्प्टर नाही. ब्लॅकआउटमध्ये टेबल हललं, फ्रेम बदलली, दिवे आले तेव्हा वर्ष पुढे गेलेलं. मध्यंतरात बटाटेवड्याच्या काउंटरवर जी रेटारेटी झाली ती मात्र थेट आमच्या जत्रेतल्या खाज्याच्या दुकानासारखी. वडा गरम होता, चटणीने डोळ्यांत पाणी आलं, आणि पाठीमागे दोन आजोबा पहिल्या अंकाची चिरफाड करत होते. एक म्हणाले, बापाचं काम करणारा पॉज फार घेतो. दुसरे म्हणाले, घेऊ दे, वाक्यांत नाही तर पॉजमध्ये तरी काही असेल. वकिलिणीने ते वाक्य तिथल्या तिथे मोबाईलमध्ये लिहून घेतलं.

दुसऱ्या अंकाच्या शेवटी मला एक गंमत दिसली. अकरा वाजायला आले तशी माणसं सावरून बसू लागली. कुणी पर्सची चेन लावतं, कुणी चपला पायाने चाचपतं, एक बाई घड्याळ बघते आणि नवऱ्याकडे बघते. नाटक वाईट चाललेलं नव्हतं, डोळे पुसणंही चालू होतं. पण डोंबिवली-विरारची माणसं ती, त्यांना गाडी गाठायची होती. नाटकानेही ते ओळखलं असावं, कारण मुलाच्या निरोपाचा प्रवेश लांबवता आला असता तो लांबवला नाही. पडदा पडला आणि सभागृह पाच मिनिटांत रिकामं. टीचर जागेवरच बसून म्हणाली, "ह्या नाटकाची लांबी लेखकाने ठरवलेली नाही, लोकलने ठरवलीय." तिच्या डोक्यात काय शिजायला लागलं हे तेव्हा आम्हाला कळलं नाही.

शनिवारी सकाळी दादरातच थोडं फिरलो. छबिलदास शाळा बघायची होती. सत्तरच्या दशकात 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने याच शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटकं सुरू केली आणि मराठीत 'छबिलदास चळवळ' असा शब्दच रुजला. आज बघायला काय, एक शाळा आणि खाली तुडुंब गर्दीची गल्ली. फार्मसीवाली म्हणाली, हे बघायला उन्हात आणलंत? तिचंही खरं होतं.

मग धोबीतलाव, आणि तिथे मात्र रेंगाळलो. गोव्याच्या माणसाला हा भाग परका नाही. जहाजावर कामाला जाणाऱ्या गोवेकरांचे गावागावांचे 'कूड' इथेच. एका गावाची एक खोली, भिंतीशी पेट्या, एक आल्तार म्हणजे प्रार्थनेची वेदी, आणि बोट मिळेपर्यंत मुक्काम. आपल्याकडे तियात्र, म्हणजे गाण्यांसकटचं कोकणी नाटक, म्हटलं की अस्सल गोव्याचं असं आपण धरून चालतो. पण पहिला तियात्र, 'इटालियन भुरगो', झाला तो १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईच्या न्यू आल्फ्रेड थिएटरात. लुकाझिन रिबेरो आणि जुआंव आगुश्तीन फेर्नांदिस ही त्यामागची माणसं, आणि यांतल्या जुआंव आगुश्तीनना पुढे 'पाय तियात्रिस्त' म्हणजे तियात्राचे जनक म्हणायला लागले. मडगावच्या रवींद्र भवनातलं सभागृह त्यांच्याच नावाचं. तिथे आम्ही कितीतरी वेळा बसलोय, पण ज्या शहरात ते सुरू झालं तिथल्या फुटपाथवर उभं राहून हे आठवणं निराळं. वकिलिणीने लगेच मुद्दा काढला, मग तियात्र मुंबईचा की गोव्याचा? टीचर म्हणाली, घर सोडलेल्या माणसाला घराची नक्कल करावीशी वाटते, घरी बसलेल्याला कशाला वाटेल? यावर दोघींचं इराण्याच्या हॉटेलात ब्रून मस्का संपेपर्यंत वाजलं.

तिथून ऑपेरा हाऊसपर्यंत गेलो. १९११ साली उघडलेलं, मध्ये बरीच वर्षं बंद पडलेलं, २०१६ मध्ये डागडुजी होऊन पुन्हा सुरू झालेलं. आत कार्यक्रम नव्हता, बाहेरूनच बघून वळलो.

संध्याकाळी एनसीपीएत टाटा थिएटर. जेमतेम हजार खुर्च्यांचं हे सभागृह १९८० मध्ये उघडलं. फिलिप जॉन्सन वास्तुरचनाकार, आणि ध्वनीची बाजू सिरिल हॅरिस यांची. माइकशिवायही शब्द शेवटच्या रांगेपर्यंत जावा असा त्यांचा बेत होता. भिंती आणि छत सपाट नाहीत, सगळीकडे कोन. आम्ही बरेच मागे होतो, तरी तानपुरा जुळवताना खुंटी फिरवल्याची बारीक करकर कानाशी आली. ख्याल गायनाची बैठक होती. गायिका जयपूर-अत्रौली घराण्याची. अनवट राग, लयीशी सतत लपंडाव, सम आली की श्वास सुटायचा.

मला गाण्यातलं फार कळतं असं नाही, पण मन सारखं गावाकडे जात होतं. याच घराण्याच्या केसरबाई केरकर आमच्या तालुक्यातल्या केरीच्या, आणि मोगूबाई कुर्डीकर कुर्डीच्या. ते कुर्डी आज साळावली धरणाच्या पाण्यात आहे, उन्हाळ्यात पाणी उतरलं की तेवढं वर येतं. दोघींनी नाव काढलं ते मुंबईत. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून जी तबकडी अवकाशात गेली तिच्यावर केसरबाईंची भैरवी आहे. केरीहून मुंबई, मुंबईहून सूर्यमालेबाहेर. फोंड्यात गाणं होतं, देऊळ होतं, पण गाण्याला सलाम करून पैसे मोजणारं शहर नव्हतं, आणि देवळांत गाणं-नाचाची सेवा करणाऱ्या ज्या कलावंत समाजातून या बायका आल्या त्याला गावात मान कसा मिळायचा हे आपण सगळे जाणतो. 'सुरश्री' केसरबाईंच्या नावाने आता आपण संगीत समारोह भरवतो. टीचर बाहेर पडताना म्हणाली, गेल्यावर भरवतो. त्यावर कुणी बोललं नाही, टॅक्सी शोधायची होती.

रविवारी पश्चिम रेल्वेचा ब्लॉक. मुंबईकराला रविवारच्या ब्लॉकची सवय असते, तो बेतच तसा करतो. आम्ही सकाळीच पार्ल्याला जाऊन बसलो. तिथलं नाट्यगृह दीनानाथ मंगेशकरांच्या नावाचं, पणजीत कला अकादमीचं मुख्य सभागृहही त्यांच्याच नावाचं, आणि माणूस आमच्या मंगेशीचा. दुपारचा प्रयोग संगीत नाटकाचा होता. इथे टीचरने मान डोलावली नाही. पदं कापलेली, ऑर्गनच्या जागी कीबोर्ड, वन्समोर द्यायला प्रेक्षक तयार पण गायक थांबायला तयार नाही. पुन्हा वेळेचीच घाई. आमच्याकडे उत्सवात चांगल्या पदाला तीन-तीन वन्समोर पडतात आणि कथानक तोपर्यंत विंगेत वाट बघतं. या एका बाबतीत मी फोंड्याच्या बाजूने आहे.

तिथून रिक्षाने जुहू, रात्री पृथ्वी. दिवसाला एकच प्रयोग हा आमचा नियम रविवारी मोडला तो निव्वळ भूगोलामुळे. १९७८ मध्ये शशी कपूर आणि जेनिफर यांनी उभं केलेलं हे थिएटर जेमतेम दोनशे माणसांचं. प्रेक्षक तीन बाजूंनी, आणि मधे जमिनीच्याच पातळीवर रंगमंच. खुर्चीला नंबर नाही, आधी येईल तो पुढे, म्हणून बाहेर रांग. उशिरा आलेल्याला आत सोडत नाहीत, मग तो कुणी का असेना. आमच्या मागच्या एका गृहस्थांनी गाडी पार्क करायला पाच मिनिटं जास्त घेतली, त्यांची बायको आत आणि ते बाहेर कॅफेत.

हिंदी नाटक, दोन माणसं, एक बाक, एक बादली, एक परात. बाई परातीत लसूण सोलत बसलेली आणि नवऱ्याशी बोलणं चाललेलं. खरा लसूण. पहिल्या पाच मिनिटांत वास आमच्यापर्यंत आला. भांडण वाढलं तशी तिची बोटं भराभर चालू लागली, एक पाकळी तिने सालासकट चिरडली, आणि एक साल उडून वकिलिणीच्या पदरावर पडलं. नटी आमच्यापासून दोन हातांवर. तिच्या कपाळावर घाम कुठून फुटला तेही दिसत होतं. वकिलीण पदर झटकायचं धाडस करीना. सगळा वेळ ती साल घेऊन बसली, हात मांडीवर गोठलेले. एवढ्या जवळून नाटक बघायची आम्हाला सवय होती, मंडपात आम्ही स्टेजला टेकूनच बसतो. पण तिथे नट आम्हाला बघत असतो. ही बाई आमच्याकडे पाहूनही आम्हाला बघत नव्हती. अनोळखी होऊन नाटक बघायचं म्हणत होतो ते इथे खरं झालं, आणि जरा घाबरायलाही झालं. प्रयोग संपल्यावर कॅफेत चहा घेताना तीच नटी शेजारच्या टेबलावर येऊन बसली, साधी जीन्स, हातात सँडविच. फार्मसीवाली उठून तिच्याकडे जाणार होती तेवढ्यात टीचरने तिचा हात धरला. "सोड. आता ओळख काढलीस तर लसूण वाया जाईल."

सोमवारी सकाळची मांडवी. ही गाडी खाण्यासाठी प्रसिद्ध आहे आणि आम्ही तिची अब्रू राखली. रोह्यापासून कणकवलीपर्यंत वाद एकच, सगळ्यांत चांगलं काय? वकिलीण पृथ्वीवर ठाम, फार्मसीवालीला शिवाजी मंदिरचं नाटक आवडलेलं कारण ती त्यात रडली होती. मला गाणं. टीचर बोलत नव्हती, पाठकोऱ्या कागदावर काही आकडे मांडत होती. मी माझा हिशेब मांडला तर लक्षात आलं की तिकिटांपेक्षा टॅक्सीला जास्त गेले. पुढच्या वेळी दक्षिण मुंबईचा दिवस बसने करणार.

टीचरचे आकडे काय होते ते चतुर्थीनंतर तालमी सुरू झाल्या तेव्हा उघड झालं. तिने उत्सवाचं ऐतिहासिक नाटक तीन अंकांवरून अडीच तासांवर आणायचा प्रस्ताव समितीपुढे ठेवला. पालखी देवळात आली की लगेच पडदा, मध्यंतर एकच, दोनच्या आत मंगल. मुंबईत लोक घड्याळाकडे बघतात म्हणून नाटक ताठ उभं राहतं, असं तिने सांगितलं. समितीतल्या सर्वांत वयस्कर महाजनांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "टीचर, दोनला नाटक संपलं तर पलीकडच्या वाड्यावरची माणसं घरी जाणार कशी? पहिली बस सहाला." कुणीतरी म्हणालं, आता प्रत्येकाकडे स्कूटर आहे. महाजन म्हणाले, "स्कूटर आहे, पण सहापर्यंत जागायची सवयही आहे. त्यांना दोनला घालवलं तर ती देवळाच्या पायरीवर बसून समितीविरुद्ध बोलणार."

तडजोड म्हणून तिसऱ्या अंकातला दरबाराचा प्रवेश तेवढा कापला. त्यात सरदारांची कामं करणारे तिघे अजून टीचरशी बोलत नाहीत, आणि त्यांतला एक फार्मसीवालीचा नवरा आहे.